तीन हॉटेलांतला पाहुणा

सोमवार, ४ मार्च

चादर ताठ आहे, पण डावीकडचा कोपरा सैल. घालणारी बाई घाईत असावी.

बॅग उघडायच्या आधी गादीचा कोपरा उचकटून पाहिला! सव्वीस वर्षांची खोड. आमच्या हॉटेलात दोनशे बावन्न खोल्या, माझ्या हाताखाली रोज एकवीस बायका, आणि मी स्वतः हॉटेलच्या गादीवर आजवर एकदाही झोपलेलो नाही. आज झोपणार. मालकीणबाईंनी पाठवलंय – या शहरातल्या तीन बड्या हॉटेलांत पाहुणा म्हणून राहायचं, सगळं बघायचं, लिहून आणायचं. "आपण कुठल्या धंद्यातले, ते कुणाला कळू द्यायचं नाही, भाऊ." एवढी एकच अट.

आणि खरा प्रश्नही एकच – इथे एक बाई दिवसाला किती खोल्या करते? आमच्याकडे बारा. मालकीणबाईंच्या चिरंजीवांच्या डोक्यात सोळा आहे. सोळा झाल्या की एकवीसमधल्या पाच जणी घरी. परवा कामावरून निघालो तेव्हा सगळ्या जणी लिफ्टपाशी उभ्या होत्या. त्यांतली थोरली म्हणाली, "नीट बघून या, भाऊ. बाराच्या वर दिसल्या तर चष्मा पुसा आणि परत मोजा." सगळ्या हसल्या. मीही हसलो. विमानात मात्र तेच डोक्यात.

मंगळवार, ५ मार्च

हे जुनं हॉटेल. दगडी जिना, पितळी मुठी, छताला झुंबरं. दारात उंच टोपीवाला गृहस्थ उभा असतो, तो मला वाकून नमस्कार करतो. पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं – माझ्यामागून कोण आलं!

उशांची छापील यादी आहे. सात प्रकार! पिसांची, कापसाची, लोकरीची, मानेसाठी वेगळी, कुशीवर झोपणाऱ्यासाठी वेगळी. एक धान्याच्या टरफलांनी भरलेली. मी कुतूहलानं तीच मागितली. एक माणूस ती दोन्ही हातांवर आडवी धरून घेऊन आला – बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसा. रात्रभर कानाशी खसखस. तरी झोप छान लागली. लहानपणी धान्याच्या पोत्यावर झोपायचो, त्याची ही श्रीमंत बहीण.

दाराच्या मुठी लख्ख आहेत, पण स्क्रूच्या खाचेत पॉलिश वाळून पांढरं झालंय. वरवर पुसतात. लिहून ठेवलं.

बुधवार, ६ मार्च

सकाळी उठलो, आंघोळ, पाकिटातल्या देवाच्या फोटोला हात जोडले, नामस्मरण. आणि मग लक्षात आलं – पलंग लावून झालाय! कधी लावला, मलाच कळलं नाही. अभ्रे सरळ, रजईची घडी, चारी कोपरे आत. हात आपोआप चालतात.

दुपारी बायकोला फोनवर सांगितलं. तर म्हणते, "अगं बाई! आणि घरी कुठे जातात हो हे हात? सव्वीस वर्षं जगाच्या गाद्या लावल्यात, आपली मात्र मीच लावतेय!"

 खरंच कधी लावली नाही.

इथली बाई अकरा खोल्या करते. गंमत म्हणून विचारतोय असं दाखवलं. खोल्या उंच, आरसे फार, म्हणून अकरा. जीव भांड्यात पडला.

गुरुवार, ७ मार्च

दुसरं हॉटेल. सगळी काच. बाहेरून ढग दिसतात आणि आतून सगळं शहर – नदी, ट्राम, छपरं. चौथ्या मजल्यावर खोली.

भिंतीवर एकही बटण नाही. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, खोलीशी बोलायचं! तिला पडदा उघडायला सांगितलं की उघडतो म्हणे. मी आधी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. काही नाही. मग मराठीत, "उघड ना बाई." तर गाणं लागलं. ते बंद करायला सांगितलं तर न्हाणीघरात पाणी सुरू. शेवटी पडदा हातानं ओढला. ओढला जातो!

पण गादी – गादीला तोड नाही. चादरीवर बोट फिरवलं, एक सुरकुती नाही. ही लावणारी बाई पाहायलाच हवी.

शुक्रवार, ८ मार्च

पाहिली. माझ्या बायकोच्या वयाची, बुटकी, चष्मा दोरीनं गळ्यात. या देशातली नाही, तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं छान जमलं. मनगटाला घड्याळासारखं यंत्र. खोलीत शिरली की दाबायचं, निघाली की दाबायचं. मिनिटं वर जातात, सुपरवायझरच्या पडद्यावर.

आत येऊन पलंगाकडे बघतच राहिली. "साहेब, रात्री झोपला नाहीत?"

"झोपलो की."

"मग हे कुणी?"

"मीच. सवय."

तिनं कोपरा उचलून पाहिला – अगदी मी पाहतो तसा! – आणि ओठ पुढे काढून मान डोलावली. म्हणजे पास. उद्या चादर बदलायचा दिवस नाही, म्हणाली, असाच लावून ठेवलात तर देव तुमचं भलं करो. एका खोलीला चोवीस मिनिटं ठरलेली; ती नऊ मिनिटांत न्हाणीघर आवरून गेली. जाताना दारातून हात हलवला.

दिवसाला चौदा खोल्या करते. बारापेक्षा दोन जास्त. चष्मा पुसून परत विचारलं. चौदाच.

शनिवार, ९ मार्च

आज मुद्दाम लावला. टॉवेलही घडी करून ठेवले. नऊ मिनिटं. उरलेल्या वेळात तिनं यंत्र दाबून, खिडकीपाशी उभं राहून पाणी प्यायलं. म्हणाली, या मजल्यावर तीन वर्षं काम करतेय, ही खिडकी आज पहिल्यांदा पाहिली. नदीत एक लांबलचक होडी जात होती. दोघांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

मालकीणबाईंचा फोन. आकडे सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "ते राहू द्या हो, आल्यावर बघू. जेवण नीट होतंय ना? अजून दोन दिवस वाढवा. फिरा." एवढी माया त्यांनी कधी दाखवली नव्हती. बरं वाटलं.

रविवार, १० मार्च

नऊ मिनिटं. आज आम्ही एकमेकांच्या पद्धती पाहिल्या. ती उशीला अभ्रा घालताना हनुवटीत धरते, मी कोपरात. तिला माझी कोपऱ्याची घडी आवडली – आधी खाली, मग चाळीस-पन्नास अंशांत वर, मग आत. तीनदा करून घेतली. "कुठे शिकलात, साहेब?" मी हसून टाळलं. खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. जप करताना तेच मध्ये मध्ये येत होतं.

सोमवार, ११ मार्च

आज ती आली, ट्रॉली दारातच ठेवली. आत येऊन लावलेला पलंग पाहिला आणि पुढे होऊन रजई ओढून काढली. सगळी. जमिनीवर.

मी म्हणालो, "अहो, काय झालं?"

"नका करू, साहेब. हात जोडते. नका लावू."

मग हळूहळू कळलं. सुपरवायझरनं पडद्यावर माझ्या खोलीची मिनिटं पाहिली. तीन दिवस नऊ-नऊ-नऊ. त्यानं तिला बोलावून शाबासकी दिली! आणि म्हणाला, एक खोली नऊ मिनिटांत होते, म्हणजे बाकीच्या चोवीसमध्ये का? आजपासून तिला सतरा खोल्या. आठवडाभर जमल्या तर साऱ्या मजल्याला सतरा. मजल्यावरच्या बाकीच्या बायका सकाळपासून तिच्याशी बोलत नाहीत. एकीनं विचारलं म्हणे, "किती दिले त्यांनी तुला?"

मी खुर्चीत बसलो. तिनं यंत्र दाबलं नव्हतं, ते आता दाबलं, आणि कामाला लागली. मला मदत करू देईना.

इतकी वर्षं बायकांकडून काम करून घेतोय, आणि मला एवढं कळू नये? आमच्याकडे कुणी पाहुणा स्वतः पलंग लावत नाही. लावला असता तर मीही तेच म्हणालो असतो का? म्हणालो असतो बहुतेक.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी फोटोपुढे बराच वेळ बसलो. मालकीणबाईंची अट मोडायची नाही, असं मनाशी म्हणत होतो. मग उठून सुपरवायझरकडे गेलो.

तिशीतला, उंच, केस चापून बसवलेले. सांगितलं, चारशे बारा नंबरचा पलंग मी लावतो. ती नऊ मिनिटं तिची नाहीत.

तो गोड हसला. "आमच्या कर्मचाऱ्यांना वाचवायचा तुमचा स्वभाव चांगला आहे. पण पाहुणे असा पलंग लावत नाहीत."

"चला माझ्याबरोबर."

खोलीत आलो. पलंग मोकळा केला. चादर झटकली, टाकली, चार कोपरे, रजई, उशा चार, अभ्रे चार. तो हातातल्या फोनवर वेळ बघत होता. तीन मिनिटं आणि थोडी वर. दम लागला, वय झालं आता. दारात ती उभी होती, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून.

त्यानं विचारलं, "तुम्ही कोण आहात?"

सांगितलं. हॉटेलचं नाव, हुद्दा, सव्वीस वर्षं, सगळं. तो म्हणाला, एकदा वर गेलेला आकडा मला पुसता येत नाही, पण लेखी दिलंत तर पुढे पाठवीन. हॉटेलच्याच कागदावर लिहून दिलं, खाली सही. माझी अक्षरं गावच्या शाळेतली, मोठी मोठी. इंग्रजी चुका असतीलच. अर्थ कळेल.

 उशीचा एक अभ्रा उलटा घातला गेला होता – घाईत! – तो तिनं काढून सरळ केला, आणि गेली.

बुधवार, १३ मार्च

चौदा! ती दारातून बोटांनी दाखवून गेली. दहा आणि मग चार.

मालकीणबाईंना फोन करून कबूल केलं, की मी बोललो, नाव सांगितलं. ओरडा खायच्या तयारीनं उभाच होतो. म्हणाल्या, "असू दे हो भाऊ. तुम्ही केलंत म्हणजे योग्यच असेल."  मालक असावा तर असा.

गुरुवार, १४ मार्च

तिसरं हॉटेल. लहान, अठराच खोल्या, भाडं मात्र तिन्हींत जास्त. कारण कळेना, म्हणून दिवसभर शोधत होतो. संध्याकाळी सापडलं – इथे काहीच जास्त नाही. उशी एक. फूल एक. जिन्यावर कुणी वाकत नाही, पण मी चहा बिनसाखरेचा घेतो हे दुसऱ्या कपालाच त्यांना माहीत होतं. पलंगाचा कोपरा थोडा सैल, मुद्दाम – पाय आत घालताना ओढाताण होऊ नये म्हणून! हे मला कधी सुचलं नाही. आमच्याकडे एवढा ताठ लावतो की पाहुण्याला आत शिरायला झटापट करावी लागते.

बाई किती खोल्या करते? सहा. तीन बायका, अठरा खोल्या. मालक म्हणाला, "घाई केलेली खोली पाहुण्याला कळते. का, ते त्याला सांगता येत नाही. पण परत येत नाही."

हे वाक्य जसंच्या तसं अहवालात घालतो.

शुक्रवार, १५ मार्च

विमानात अहवाल पुरा केला. अकरा, चौदा, सहा. कागदावर सतरा होत्या, त्या माझ्यामुळे, तेही लिहिलं. शेवटी – सोळा खरोखर कुठेच होत नाहीत. सोळाचा विचार सोडावा. आठ पानं. आयुष्यात एवढं सलग कधी लिहिलं नव्हतं.

रविवार, १७ मार्च

सकाळी घरातला पलंग लावला. बायको दारात चहाचे कप धरून उभी. "बरं आहे ना तुम्हाला?"

सोमवार, १८ मार्च

हजेरीला सोळा जणी. पाच जणींना कामावरून काढल्याच्या चिठ्ठ्या मिळाल्या होत्या, त्यांवर तारीख ४ मार्च. थोरलीचं नाव पहिलं. मला कळवायचं नाही, असं तिनंच सगळ्यांना बजावलं होतं म्हणे – "भाऊंची जन्मातली एक सहल, कशाला नासवायची."

मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही इथे असता तर मला जमलं नसतं, भाऊ." मग अहवालासाठी हात पुढे केला.

मी दिला नाही.