लाइन गेली नव्हती

दर्यापूर, सप्टेंबर २००६

ती. भगवंतभाऊ यांस धाकटी बहीण जयवंता हिचा नमस्कार. आम्ही बरे आहोत, वाडीतला झेंडूही बरा आहे. वहिनीची कंबर कशी आहे? (फुलांची टोपली तुम्ही उचलत जा.)

पत्रास कारण तुमची सीडी. वर्षाली शाळेतून आली की बोलत नाही, जेवत नाही, म्हणून मी फोनवर रडले. तर तुम्ही भाचीसाठी तुमच्या फिल्म मंडळातलं जपानी कार्टून धाडलं, वर चिठ्ठी की ‘प्रायोगिक आहे, मन लावून पाहा’. अकोल्यात झेंडू विकता विकता तुम्हाला हे मंडळ कुठून चिकटलं, देव जाणे.

आपल्याकडे सिनेमा लागला की गल्ली जमते. शेजारचे नत्थुजीही आले. सरकारनं शेतकऱ्यांचं पॅकेज जाहीर केल्यापासून फुकटचा कुठलाही सिनेमा त्यांना कृषी खात्याचाच वाटतो. शेवटी बियाणं वाटतील म्हणून ते पिशवी घेऊनच बसले. सिनेमात बोलणं नाही, नुसती पेन्सिलीची खरखर. वर्गातल्या पोरांना तोंडंच नाहीत, फक्त मोठाले बूट. (तरी हसतात.) ती पोरं हसली की एक मुलगा थोडाथोडा खोडरबरानं पुसला जातो. समोरच्या पार्बताबाईंचं म्हणणं, चित्रकाराचा पगार थकला असावा. पुढे त्या बुटांनी मुलाला कपाटात लोटलं आणि पडदा काळा झाला.

बारा-बारा तासांच्या लोडशेडिंगची आपल्याला सवय. ‘गेली लाइन’ म्हणत सगळे उठले, नत्थुजींनी रिकामी पिशवी झटकली, मी सतरंजी गुंडाळायला घेतली. वर्षाली तिच्यावरून हलेना.

“लाइन गेली नाही, आई. पंखा फिरून राहिला. सिनेमा चालूच हाय.”

“काहीच तं दिसत नाही.”

“आतून असंच दिसते.”

भाऊ, मी सतरंजी सोडून तिच्याजवळ बसले. शाळेत खेळाच्या सामानाची खोली आहे, मधल्या सुट्टीत पोरी तिला तिथं कोंडतात. हे तिनं मला त्या काळ्या पडद्यासमोर सांगितलं. मग आम्ही दोघींनी सिनेमा पुरा पाहिला. शेवटी कपाटाचं दार उघडतं, पण कोणी उघडलं ते दाखवतच नाहीत. असली कार्टूनं पुन्हा धाडू नका.

तुमची,
जयवंता

ता. क. शाळेत जाऊन आले. बाई म्हणाल्या, पोरीच त्या, चेष्टा करायच्याच. मी म्हटलं, आधी सिनेमा पाहा. शनिवारी सगळ्या शाळेला दाखवायचा ठरला आहे. मंडळाचं ते सिनेमा पडद्यावर टाकायचं यंत्र घेऊन पहिल्या एसटीनं या. भाषण करू नका.

आणखी ता. क. नत्थुजी पिशवी घेऊन येणारच आहेत. वर्षालीचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. पडदा काळा झाला की मामानं दारात उभं राहायचं, कोणालाच उठू द्यायचं नाही.