फोन कोणी उचलायचा याविषयी

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा विमा एजंट, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरच्यांना विचारले असते तर एकमत झाले नसते.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. पतींनी त्यात हयातभर राहावे, नंतर ते मुलाचे. बाहेरची खोली, जिथे माझे टेबल आहे, ती मात्र भाड्याने देऊ नये. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पती तिथे टेप घेऊन भिंती मोजत होते. विचारल्यावर "सहज" म्हणाले. इतकी वर्षे संसार केल्यावर मला त्यांचे सहज कळते.

२. बँकेतली शिल्लक आणि माझ्यामागे येत राहील ते कमिशन पतींना मिळावे. माझ्या कामाला ते अजूनही "हिचा विरंगुळा" म्हणतात. या विरंगुळ्यावर मुलाचे शिक्षण झाले आणि डोक्यावरचे छप्पर बदलले, एवढे त्यांनी कमिशन घेताना तरी आठवावे.

३. स्कूटर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला द्यावी. तिचे नखरे फक्त त्यालाच ठाऊक आहेत.

४. आता एजन्सी. माझा परवाना माझ्याबरोबर संपतो, तो कोणाला देता येत नाही. माझ्यामागे ग्राहकांचे काय, असे कंपनीच्या साहेबांना विचारले. ते म्हणाले, एजंट गेला की त्याच्या पॉलिसी 'अनाथ' म्हणून नोंदल्या जातात, ग्राहकांनी थेट मुख्य कचेरीला फोन करावा. त्या कचेरीला मीसुद्धा फोन करते, तेव्हा तिकडून बासरी ऐकू येते. नवरा गेलेल्या बाईने कानाला बासरी लावून बसायचे काय? साहेब म्हणाले, तशी पद्धतच आहे. मी डोक्याला हात लावला.

मुलाचे म्हणणे, आता सगळे मोबाईलवर होते, ग्राहकांची यादी विकून मोकळी हो. त्या यादीत त्याला गणितात काठावर पास करणारे मास्तर आहेत आणि त्याचा पहिला चष्मा उधारीवर करून देणारा चष्मेवालाही आहे. त्यांना विकण्याचा अधिकार मी त्याला देत नाही.

तेव्हा देण्यासारखा उरतो तो हा टेलिफोन, त्याच्या नंबरासह. तो नंबर मी प्रत्येक ग्राहकाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. घरातले माणूस जाते, कोणाला काही सुचत नाही, आणि कोणीतरी ते कपाट उघडते. त्या वेळी फोन उचलला गेला पाहिजे. बाकी धंदा कोणालाही जमतो.

हा फोन मी माझ्या धाकट्या जावेला देत आहे. ती वरच्या मजल्यावर राहते. तिला हे काम मी बोटाला धरून शिकवले. स्वतःचा परवाना मिळताच तिने माझा बेकरीवाला सहकुटुंब पळवला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. वीजबिल आले तरी निरोप नवऱ्यांमार्फत जातो. बेकरीवाल्याचा राग मी सोडलेला नाही, आणि या देणगीमुळे तो निवळला असे तिने समजू नये.

तरीही तिलाच का, याचे कारण लिहिते. मी इस्पितळात असताना इथे फोन वाजत होता. पती पेपर वाचत होते. मुलगा म्हणाला, राँग नंबर असेल. शेवटी ती जिना उतरून आली. फोनवर रंगाऱ्याची बायको होती. रंगारी परांचीवरून पडून वारला होता. जाऊ म्हणाली, "ताईंच्या घरून बोलतेय. तुम्ही आधी रडून घ्या, कागदांचं आम्ही बघतो."

हे वाक्य माझे आहे. तिने ते माझ्याच टेबलाशी बसून ऐकले होते. पुढे सगळे कागद तिने केले, आणि एजंट म्हणून नाव माझे राहू दिले. मला हे रंगाऱ्याच्या बायकोने सांगितले. जावेने आजवर चकार शब्द काढलेला नाही. त्याचाही मला राग आहे.

फोन बाहेरच्या खोलीतच राहील. खोलीची किल्ली जावेकडे द्यावी. पतींनी टेप हत्यारांच्या पेटीत परत ठेवावी.

५. पुरवणी. वरील मजकूर वकिलांनी वाचून दाखवला आणि साक्षीदार पेन शोधत असताना फोन वाजला. मी मुद्दाम उचलला नाही. पती आतल्या खोलीत होते, ते आतच राहिले. वकील म्हणाले, उचला की बाई. मी त्यांना थांबायला सांगितले. मग जिन्यावर चपला वाजल्या. ज्याला काही मिळणार त्याने इथे नसावे म्हणून वकिलांनी दार लोटून घेतले होते. ते ढकलून ती आत आली, कोणाकडे न बघता तिने फोन उचलला, ऐकून घेतले आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"ताई, तुमच्यासाठी आहे."

बेकरीवाल्यानंतर ती माझ्याशी बोलली ते हे पहिलेच. माझे हात रिकामे होते, तरी मी पुढे केले नाहीत.

"तूच बोल," मी म्हटले.

तिचे बोलणे संपेपर्यंत सगळे थांबले. ती वर गेल्यावर ही पुरवणी लिहून सह्या करत आहोत. कलम चारमध्ये बदल नाही.

लिहून देणार: (सही) विमावाल्या बाई

साक्षीदार: (सही) दाखला देणारे डॉक्टर
(सही) समोरचा शिंपी

स्थळ: बाहेरची खोली
दिनांक: १४ डिसेंबर