न पाहिलेल्या सिनेमाची धून

चांदा, ता. २० एप्रिल १९५६

ती. सौ. बाईस,
धाकट्या मनसारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. रंभाचं लग्न ठरलं, तेही बल्लारपूरच्या चांगल्या घरी, हे वाचून मी बँडच्या साऱ्या मंडळींना चहा पाजला. शालिकभाऊजींना सांग, वाजंत्र्यांची काळजी सोडा. भाचीच्या लग्नात मामाची पार्टी नाही वाजवणार तर कोणाची वाजवेल?

बिदाईला जुनी सनईचीच चाल वाजव, असं तू लिहितेस. बाई, ती चाल तुझ्या लग्नात वाजली आणि आता तुझी पोर लग्नाची झाली. जमाना बदलला. आमची खोली टॉकीजच्या मागच्या भिंतीला लागून आहे हे तुला माहीतच आहे. संध्याकाळी मी भिंतीला पाठ लावून बसतो आणि आत जे वाजतं ते क्लॅरिनेटवर उचलतो. आत जाऊन पाहत मात्र नाही. ढोलवाला पत्रू चिडवतो, की मामा सिनेमा पाहाले काऊन जात नाई. मी त्याला सांगतो, डोळ्यांना काम दिलं की माझे कान आळशी होतात.

सध्याच्या सिनेमात शेवटी एक धून आहे. गाणं नव्हे, शब्दच नाहीत. आधी एकटी सनई, मग सारंगी, मग खालून हळूच ढोलक. ती सुरू झाली की आतल्या बायांचे हुंदके भिंतीपलीकडून ऐकू येतात. बिदाईच असणार. आजवर ऐकलेल्या सिनेमाच्या संगीतात इतकं मला दुसरं काही आवडलं नाही. रंभा मांडवातून निघाली की मी तीच वाजवीन. आता यात तू काही बोलू नकोस.

मोहफुलं वेचायला एकटी जाऊ नकोस, तिकडे वाघ फिरतो म्हणतात. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
मनसाराम


मोहर्ली, ता. १८ मे १९५६

चि. मनसारामास,
वच्छलाबाईचे अनेक आशीर्वाद.

तू लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घाईनं निघून गेलास, म्हणून तुझ्या कानावर काही आलं नसेल. लिहू की नको असं करता करता आज बसले.

तुझं वाजवणं सगळ्या गावाला आवडलं. गुणाबाई तर म्हणाली, असं वाजवणारा भाऊ असल्यावर कोणाची बी पोर रडतच जाईन. पण तू डोळे मिटून वाजवत होतास. विहीणबाई, इंदिराबाई, तोंडाला पदर लावून मांडवातच खाली बसल्या, हे तुला दिसलं नाही. मी पाणी घेऊन गेले, त्यांनी नुसती मान हलवली. वरात निघाली तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मग त्यांच्याकडल्या एका बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. तो सिनेमा त्यांच्याकडे सगळ्यांनी पाहिला आहे. त्यात ती धून वाजते तेव्हा नवी सून मरते आणि तिची तिरडी घरातून निघते. हळदीच्या पोरीवर तुमच्या भावानं हे काय वाजवलं, असं ती म्हणाली.

मनसाराम, तू सिनेमा पाहिला नव्हतास का रे? मी जुनी चाल मागितली होती. तेवढंच मागितलं होतं. मी माता मायला नारळ वाहून आले, पण जीव थाऱ्यावर नाही. रागावले आहे, तरी जेवून-खाऊन राहा.

बाई


चांदा, ता. २७ मे १९५६

ती. सौ. बाईस,
मनसारामचा शि. सा. न. वि. वि.

काल जाऊन पाहिला. सिनेमा उतरायला आला होता, गर्दी नव्हती. जमिनीवर बसलो. शेवट आला, सनई लागली, आणि ज्यांचे हुंदके मी नवरीच्या मैत्रिणींचे समजत होतो त्या बाया तिरडीमागे चालत होत्या. पोरीच्या कपाळावर मळवट होता. रंभाएवढीच असेल. मला पुढे बघवलं नाही, पण कान बंद करता येईनात.

पत्रूला मी दोन गोष्टी सुनावल्या, की तू पाहिला होतास तर सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, तुमी कोणाचं आयकता का? खरं आहे. तुझंही कुठे ऐकलं?

मला फार वाईट वाटतं, बाई. बल्लारपूर काही लांब नाही. मी जातो आणि इंदिराबाईंच्या पाया पडून येतो. तू हो म्हण, म्हणजे लगेच निघतो.

चुकलेल्या भावावरची माया काढून घेऊ नकोस.

मनसाराम


मोहर्ली, ता. ५ डिसेंबर १९५६

चि. मनसारामास,
अनेक आशीर्वाद.

बल्लारपूरला जाऊ नकोस असं मी तेव्हा कळवलं होतं, ते तू पाळलंस, बरं केलंस. आता आनंदाची गोष्ट. रंभाला दिवस गेले आहेत, सातवा लागेल. धान कापून झालं, खळंही आटोपलं, म्हणून ती इकडे आली तरी मला तिच्याकडे बघायला सवड आहे.

दिवाळीला सासरच्यांनी तिला पाठवलं नव्हतं. प्रकृतीचं कारण सांगितलं, पण मला कळतं काय कारण ते. आता बाळंतपणाला पाठवतो म्हणतात. मात्र त्यांचं म्हणणं असं आहे, की पोरीचा मामा तेव्हा घरात नसावा आणि बारशाला काही वाजू नये. निरोप तोंडी आला. कोणी आणला ते विचारू नकोस आणि बल्लारपूरला काही लिहूही नकोस.

तुला लागेल, ठाऊक आहे. पण पहिलटकरीण आहे रे ती. थंडीचा छाती झाकून झोपत जा.

बाई


चांदा, ता. १४ डिसेंबर १९५६

ती. सौ. बाईस,
मनसारामचा शि. सा. न. वि. वि.

त्यांचं म्हणणं रास्त आहे. मी येत नाही. रंभा सुखरूप सुटली की झालं.

बाळासाठी कुंची शिवून घेतली आहे, येणाऱ्या माणसाबरोबर धाडतो. मी दिली असं सांगू नकोस, त्यांना चालायचं नाही.

हल्ली कुठलीही धून उचलण्याआधी तिकीट काढून सिनेमा पाहून येतो. पण मजा राहिली नाही. गोष्ट दिसत राहते, सूर ऐकूच येत नाहीत. बँडमध्ये आता पुढचं काम दुसरा करतो, मी त्याच्या मागं मागं वाजवतो.

आठवण काढत जा, एवढंच मागतो.

मनसाराम


मोहर्ली, ता. २० मार्च १९५७

ती. मामास,
रंभाचा नमस्कार.

मुलगी झाली. नाव गोकुळा ठेवलं. मी तुझ्यावर रुसले आहे. भाचीच्या पहिल्या बाळाच्या बारशाला मामा येत नाही, असं कुठं असतं? आई म्हणते, बँडवाल्यांनी सुट्टी दिली नाही. एक दिवसाचीही नाही?

सासूबाई मुद्दाम बल्लारपूरहून आल्या होत्या. आल्या आल्या तू कुठे आहेस विचारलं. चांद्याची मोटर यायच्या वेळी दारात जाऊन बसल्या, ती येऊन गेली तरी उठेनात. तुझं पान वाढायला लावलं होतं.

लग्नातली गोष्ट त्यांनी मला परवा सांगितली. माझी मोठी नणंद भामरागडकडे दिली होती. पावसाळ्यात बाळंतपणात गेली. नद्या भरलेल्या, वाट बंद. सासूबाईंना निरोपच उशिरा मिळाला, तोंड पाहायला मिळालं नाही. त्या म्हणाल्या, तुया मामानं वाजवलं तवा माही पोर मी पोचवली. त्याच्या आधी मले रडूच आलं नाई. तुझ्याशी एकदा बोलायचं म्हणून दिवाळीतच तुला बोलावणार होत्या, पण मला वांत्या होत होत्या आणि घरात सगळी धावपळ. आईला त्यांनी तेव्हाच निरोप धाडला होता, की बारशाला मामाला नक्की बोलवा. आई तुला सांगायला विसरली का?

कुंची कोणी दिली ते आईनं सांगितलं नाही, पण टाके चांद्याच्या शिंप्याचे आहेत, मी ओळखले. आता तरी ये.

तुझी,
रंभा


चांदा, ता. २६ मार्च १९५७

ती. सौ. बाईस,
मनसारामचा शि. सा. न. वि. वि.

रंभाचं पत्र आलं. तिला मी कळवलं आहे, की सुट्टी खरंच मिळाली नाही, लग्नसराईच्या तयारीत होतो. इंदिराबाईंनाही तेच कळवीन, आणि रविवारी बल्लारपूरला जाऊन त्यांना भेटेन. तुझं नाव कुठे येऊ देणार नाही.

मी रागावलेलो नाही. भीती वाटणारच. त्या दिवशी मांडवात जे मी केलं, ते तू डोळ्यांनी पाहिलं होतंस. त्यानंतर पोरीला दिवस गेले, मग तुला रात्रंदिवस काय दिसत असेल हे मी सिनेमा पाहिलेला माणूस समजू शकतो. वाईट एवढंच वाटतं, की तीन महिने मी त्या माउलीला माझी वैरीण समजलो, आणि ती तिकडे माझ्यासाठी पान वाढून बसली होती.

गोकुळाला मी कधी पाहायचं ते तूच ठरव. तू बोलावशील तेव्हा येईन, बाजा इथेच ठेवून येईन.

पण बाई, तो निरोप दुसऱ्याच्या नावानं कशाला लिहिलास? मला भीती वाटते, येऊ नको, एवढं तू नुसतं तुझ्या नावानं लिहिलं असतंस, तरी मी आलो नसतो.

तुझाच,
मनसाराम