मोकळं नाक आणि रिकामी बस

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घालायचा तर डॉक्टरीणबाईंनी खाली वाकायला मनाई केली आहे, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज. गुडघे कसे आहेत? आणि मुख्य म्हणजे नाक? (आजोबांची इस्टेट कुणालाच मिळाली नाही, पण त्यांचं चोंदलेलं नाक तुला मिळालं आणि तुझ्यावरून थेट मला. बाबा सुटले.) परवा फोनवर म्हणालीस, आडवं झालं की जीव गुदमरतो, रात्रभर उशीला टेकून बसते. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. म्हणून सांगतो, लेसर करून घे.

मी केलं. काही नाही गं त्यात. नाकात औषधाचे बोळे घालून ते बधिर करतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि आत जे मांस सुजून वाट अडवून बसलेलं असतं, ते लेसरचे चटके देऊन आकसवतात. मी निवांत पडलो होतो, तेवढ्यात करपल्याचा वास आला. मी घाबरून बाईंना सांगितलं, आधी बघा, कुणाचं तरी दूध उतू गेलंय. त्या म्हणाल्या, "काका, ते तुमचं नाक आहे." इतक्या वर्षांनी पहिला वास आला, तोही स्वतःच्याच नाकाचा! पुढे आठवडाभर खपल्यांनी नाक आणखीच बंद. तेव्हा मी बाईंचा यथेच्छ उद्धार केला (मनातल्या मनात, तोंड श्वासात गुंतलेलं होतं). मग एका सकाळी खपली सुटली आणि गार हवा थेट टाळूपर्यंत गेली. आत्या, डोळ्यांत पाणी आलं बघ. त्या रात्री तोंड मिटून इतका गाढ झोपलो, की हिने दोनदा हलवून पाहिलं, आहे की गेला.

घोटाळा झाला तो बसस्थानकावर. माझ्या गेंगाण्या आवाजाची लोकांना इतकी सवय, की मोकळ्या नाकाने गाडी पुकारली तर फलाटावरचं एक माणूस हलेना. डबे उघडून जेवत बसले सगळे. गाडी रिकामी गेली. एक आजी खिडकीशी येऊन मलाच विचारतात, "तो नेहमीचा माणूस कुठाय? ह्या नव्याचं काही खरं वाटत नाही." साहेब म्हणतात, असंच चाललं तर माइक सोडा आणि पार्सलच्या खोलीत बसा. पण होईल सवय लोकांना. बाकी सर्व ठीक.

तुझा,
नाकाने श्वास घेणारा भाचा

ता. क. लेसरची एवढी घाई नको. खरं तर पत्र त्यासाठीच. तुझ्या आणि माझ्या जुन्या आवाजात गळा कमी आणि नाकच जास्त, फोनवर तू बोललीस की मीच म्हणून ही अजून फसते. थोडे दिवस इकडे येऊन माझ्या शेजारी बस. एक गाडी तू पुकार, एक मी, म्हणजे लोक हळूहळू वळणावर येतील. तोवर नाक आहे तसंच राहू दे.

आणखी एक ता. क. वरचं हिने वाचलं आणि एवढंच विचारलं, आत्या उशीला टेकून बसलेल्या असताना तुम्ही शेजारच्या खोलीत घोरत नाही म्हणून मिरवणार का? बाईंकडे तुझी वेळ घेतली आहे, लगेच निघ. गाड्यांची काळजी नको. आज नाक चिमटीत धरून पुकारलं, तर धक्काबुक्की करत चढले लोक. तू येशील ती गाडी मात्र चिमटी सोडून पुकारीन.