ओढ्यावर भरलेली ओटी

१९ डिसेंबर १९७६, पिंपळे सौदागर
आज बिऱ्हाड लागलं. आलेलं सामान: पत्र्याची ट्रंक, वळकटी, पितळी डबे सहा, स्टोव्ह, देव्हारा. टेम्पोचे बावीस रुपये. ह्यांनी पंचवीस कबूल केले होते, तीन मी घासाघीस करून कमी केले. खोली उजेडाची. मालकीण गोजाबाई इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. आल्या आल्या पिठलं-भाकरी दिली नि कितवा महिना ते विचारलं. सातवा लागलाय म्हटलं. पौष उलटला की दादा करमाळ्याहून न्यायला येईल, असं आईचं पत्र आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच.

२३ डिसेंबर
पायांना सूज. नर्सबाई रोज संध्याकाळी चाला म्हणतात. हे कंपनीत सेकंड शिफ्टला. रस्त्यावर ट्रकची धूळ, म्हणून ओढ्याकाठच्या पायवाटेने गेले. थंडी चांगलीच. काठावर शेंदूर फासलेले सात दगड आहेत, साती आसरा, पाण्यातल्या देवी. तसंच पुढे जाववेना. रोज हळदकुंकू न्यायचं ठरवलं.

३० डिसेंबर
थकवा फार, पण नेम मोडला नाही. आज दगडांपाशी एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, केस ओले, एवढ्या थंडीत. म्हणाली, तू रोज आम्हाला लावतेस, आज मी लावते. सवाष्णीच्या हातचं कुंकू नाकारू नये. फार गार लागलं. मग पदर पसरायला लावून तिने ओटी भरली. घरी येऊन सोडली तर तांदूळ नव्हते. ओली वाळू.

३१ डिसेंबर
गोजाबाईंना सांगितलं. अशी बाई गावात नाही म्हणाल्या. मग हळूच, "पोरी, सातव्यात वटी ज्यांनी भरली, त्येच माहेरी न्येत्यात."

४ जानेवारी
फिरणं बंद. तरी दिवेलागणीला उंबरा ओला होतो. ह्यांना सांगत होते. ओव्हरटाइम करून आलेले, ऐकता ऐकता झोपले. मीही दमले आहे. पुसून पुसून —

८ जानेवारी
बाळ हललं नाही. सकाळपासून. पोथी वाचली. मग हललं — पाण्यात मासा वळावा तसं.

९ जानेवारी
दिवेलागण. गोजाबाई चाकणला बाजाराला गेल्यात. दारात दादाचा आवाज. न्यायला आलोय, चल, म्हणतो. पौष अजून — आणि दाराखालून पाणी येतंय. कडी लावली आहे. त्या आवाजाने बरं वाटतंय, आई, हेच भय. फार दमले गं. तुला कार्ड टाकायला बाहेर जाता येणार नाही, इथेच वहीत लिहिते. दादा घरीच असेल तर उलट टपाली कळव, तोवर मी दार —