किलोमीटर एकेचाळीसचा पीर

रस्त्याची छावणी, इन सालाहच्या दक्षिणेस
दि. १२ डिसेंबर १९७६

ती. ताईस अनेक सलाम, वि. वि.

तुझं पत्र खजुरांच्या ट्रकवाल्यानं आणून दिलं. कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे, पण वाचता आलं. आईला सांग, मी वेळेवर जेवतो आणि तिनं विणलेला लोकरी सदरा घालतो. (सदरा हरूनाला दिलाय. पहाटे तो थंडीनं कुडकुडतो. हे तिला वाचून दाखवू नकोस.) हरूना म्हणजे नायजरमधल्या अगादेझचा. तिकडचे पाच जण इथं यंत्रं चालवायला शिकतायत. मी त्याला माती सपाट करायचं यंत्र शिकवतो आणि तो मला त्याच्या हौसा भाषेतल्या शिव्या. त्याची प्रगती जास्त आहे.

लष्करातली सक्तीची सेवा सप्टेंबरात संपली, मग घरी का आला नाहीस, असं तू विचारतेस. रोजंदारीवर मीच राहून घेतलं, ताई. रस्त्याचं काम बघणारे आमचे कॅप्टनसाहेब सांगतात, आपल्या समुद्रावरून निघालेला हा रस्ता वाळवंट ओलांडून नायजरमध्ये शिरणार आणि पार लागोसच्या समुद्राला टेकणार. आपल्याला स्वातंत्र्य मिळून उणीपुरी चौदा वर्षं झाली, आणि आपण शेजाऱ्याच्या दारापर्यंत डांबर नेतोय. ऐकताना मान आपोआप ताठ होते. तशी ती उन्हानंही होते, इथं सावली म्हणून नाहीच, परवा तर एक सरडा माझ्याच सावलीत येऊन बसला. असो.

मुख्य गोष्ट अशी, की फेब्रुवारीत इथले सहा जण सरहद्दीपलीकडे जाणार, नायजरच्या लोकांबरोबर पुढच्या रस्त्याची मोजणी करायला. यादी जानेवारीअखेर लागेल. मला जायचंय. इतकं हवंसं मला आजवर काही वाटलं नव्हतं.

हां, एक राहिलं. छावणीच्या मागं, इन सालाहच्या बाजूला, डांबर अजून न पोचलेल्या किलोमीटर एकेचाळीसला आखणीच्या खुंट्या ठोकायला गेलो होतो, तर पाण्याचा टँकर मागं घेताना माझ्या चहाच्या किटलीवरून गेला. आम्ही चौघांनी तिचं रीतसर दफन केलं. वर दगड रचले, काठीला पांढरं फडकं बांधलं. आमच्यातला सलीम तर रडलासुद्धा. नवी किटली पाठवशील का?

जवळ नसलो तरी माया तेवढीच ठेव.
तुझा
अरेझकी

देल्लीस
दि. २७ डिसेंबर १९७६

चि. अरेझकीस अ. उ. आ.

किटली पाठवली आहे. हिच्यावरून काही जाऊ देऊ नकोस.

इकडे सारं ठीक आहे. देल्लीसच्या बंदरावर सार्डिन मासळी इतकी आली की मांजरंही तोंड फिरवतात. आमच्या शिवणकेंद्राला शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं, मला चार मुलींवर देखरेखीला नेमलंय. आई आता मला मुकादमीण म्हणते. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. सदऱ्याची ओळ गाळली, तरी तिनं विचारलं की मध्येच का थांबलीस. दफनाचं ऐकून आधी हसली, मग तिनं विणकाम खाली ठेवलं. कबरीची नक्कल करू नये, असं तिचं म्हणणं. मी तुझी बाजू घेतली, पण मलाही ते बरं वाटलं नाही.

तुला सरहद्दीपलीकडे जायचंय, तर जा. आईला मी सांभाळीन. मात्र एक लिहिते, रागावू नकोस. बेकरीत भट्टीभर पाव जळले, तू मागच्या दारानं पसार. बोटीवर जाळं खडकात फाटलं, दुसऱ्या दिवशी तू बोटीवर नाहीस. गावात म्हणतात, तासादितच्या भावाला कामाचा कंटाळा. मी सांगते, तो कामाला कंटाळत नाही, काही चुकलं की लोकांच्या तोंडासमोर त्याला उभं राहवत नाही. तिथं तू चौदा महिने टिकलास. तिथं तुझं काही चुकलं नाही म्हणून, की तू बदललास म्हणून, हे मला ठाऊक नाही.

आईचे आशीर्वाद. आठवण धरून असावे.
तुझी
तासादित

रस्त्याची छावणी
दि. १९ जानेवारी १९७७

ती. ताईस अनेक सलाम, वि. वि.

किटली पोचली. तिच्यात अजून चहा केला नाही, तिच्याकडे बघवत नाही. का ते सांगतो.

त्या फडक्यापाशी एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवली. त्याला वाटलं, कुणा पिराची कबर. इकडच्या रिवाजाप्रमाणे त्यानं गाडीसकट तीन फेऱ्या मारल्या, एक दगड ठेवला आणि पुढं गेला. दुसऱ्यानं तसंच केलं. तिसऱ्याचं इंजिन म्हणे त्या दिवसापासून तापायचं थांबलं. महिन्याभरात ढीग माझ्या छातीला लागला. फडकी नऊ झाली. नाव पडलंय वाटसरूंचा पीर. त्याचा जन्म कुठला यावरून छावणीत दोन तट पडलेत. एक म्हातारा ड्रायव्हर शपथेवर सांगतो की त्याच्या आजोबानं या पिराला पाहिलं होतं. मी ऐकत बसतो आणि पाव चावतो.

हसू नकोस, पुढचं वाईट आहे. रस्त्याची आखणी बरोबर त्या ढिगावरून जाते. ट्रकांच्या फेऱ्यांनी आमच्या खुंट्या केव्हाच उडाल्या. बुलडोझरवाल्यानं यंत्र बंद करून सांगितलं की पिरावर तो लोखंड घालणार नाही. मग कॅप्टनसाहेबांनी वाटाड्या घुमूरला विचारलं. तो इथलाच, वाळवंटातल्या तुआरेग जमातीचा. त्यानं ढिगाला लांबून एक चक्कर घातली आणि एवढंच म्हणाला की हे आमच्या लोकांपैकी कुणाचं नाही, आमच्या कबरींची दिशा अशी नसते, आमचे मेलेले असे आडवे झोपत नाहीत. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, असं मला वाटलं. आता साहेब रस्ता वळवणार. दोन किलोमीटरचा वळसा, खडकातून. पावणेदोन महिने जातील.

खरं ठाऊक असलेल्या चौघांपैकी तिघे सेवा संपवून घरी गेले. उरलो मी. यादी आठवड्यावर आलीय. बोललो तर नाव गेलं, आणि वर सगळी छावणी जन्मभर हसणार. गप्प बसलो तर शेकडो माणसं माझ्या किटलीसाठी खडक फोडणार.

पिशवी भरून ठेवलीय. पाण्याचा टँकर गुरुवारी इन सालाहला जातो. हे पत्र मिळेपर्यंत कदाचित मीच दारात असेन. आईला आत्ता काही सांगू नकोस.

लोभ उरला असला तर असू दे.
अरेझकी

देल्लीस
दि. ३० जानेवारी १९७७

चि. अरेझकीस अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या हातात पडेल की छावणीतून परत येईल, ठाऊक नाही. आईला मी सगळं सांगितलं. बेकरीच्या वेळी लपवलं होतं, बोटीच्या वेळीही, आणि त्यात तुझं काही भलं झालं नाही. ती म्हणाली, "दगड त्यानं ठेवला, तर उचलावाही त्यानंच." मग मटार सोलायला बसली.

तू आलास तर दार उघडीन, पान वाढीन. पण जेवण झाल्यावर विचारीन की तिथले लोक सध्या कुठला खडक फोडताहेत.

तुझी वाट बघणारी, पण तू इतक्यात यायला नको असं वाटणारी,
ताई

रस्त्याची छावणी
दि. १७ फेब्रुवारी १९७७

ती. ताईस आणि आईस अनेक सलाम, वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. त्याआधीच सगळं उरकलं होतं, म्हणून अर्धं हसत, अर्धं डोळे पुसत वाचलं.

गुरुवारी मी खरंच टँकरमध्ये बसलो. पिशवी मांडीवर. किलोमीटर एकेचाळीस आलं आणि ड्रायव्हरनं चाकोरी सोडून पिराला फेऱ्या घालायला सुरुवात केली. पहिल्या फेरीला त्यानं टायरांसाठी दुआ मागितली. दुसऱ्या फेरीला माझ्यासाठी, की हा पोरगा आईकडे सुखरूप पोचू दे. माझ्याच किटलीकडे मागत होता, ताई. तिसरी फेरी मला सोसवेना. चालत्या गाडीतून उडी टाकली, गुडघा फुटला, आणि तसाच लंगडत आठ किलोमीटर मागं आलो.

कॅप्टनसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी विश्वासच ठेवला नाही. ड्रायव्हर म्हणाले, रस्ता सरळ जावा म्हणून याला कुणीतरी शिकवलंय. मग मीच म्हटलं की उकरून दाखवतो. कुदळ द्यायला कुणी तयार होईना. दोन दिवस हातांनी एकेक दगड काढला, शंभरेक माणसं भोवती उभी. तो आजोबांवाला म्हातारा सगळ्यांत पुढं. तळाशी चपटी किटली निघाली तेव्हा कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हरूना पुढं आला. त्याच्या आईचे डोळे जाताहेत, तिच्या नावानं त्यानं तिथं दगड ठेवला होता. हे मला ठाऊकच नव्हतं. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "मी तुझ्या किटलीकडे मागितलं नव्हतं. माझा दगड दे." राखाडी, शिरा असलेला दगड होता. आम्ही दोघांनी बसून शोधून काढला. त्यानं तो खिशात टाकला आणि मग माझ्यासोबत बाकीचे उचलू लागला.

एवढ्या दगडांचं करायचं काय, यावर छावणीत खूप वाद झाला. लोकांनी मागणं मागून ठेवलेले, फेकवत तर नाहीत. घुमूर म्हणाला की पुढच्या ओढ्याला पूर येतो तेव्हा गाड्या वाहून जातात, तिथल्या मोरीच्या भिंतीत हे बसवा. सगळ्यांनी सुखरूप पार होण्यासाठीच तर मागितलं होतं. त्या म्हाताऱ्यानं पहिला दगड स्वतः नेला. माझ्याशी मात्र अजून बोलत नाही.

यादी लागली. कॅप्टनसाहेबांनी बोलावून कागद दाखवला. "चौथं नाव तुझं होतं," म्हणाले. त्यावर शाईची रेघ होती. ती मी मान्य केली. त्या दिवशी पिशवी रिकामी करून कपडे पुन्हा खुंटीला लावले. सध्या मोरीवर आहे. येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर खिडकीतून ओरडून विचारतो की पीरसाहेब, चहा झाला का. मी झाला म्हणतो, आणि देतो.

काल सहा जण गाड्यांतून सरहद्दीकडे गेले, हरूनाही. आखणी जुन्याच रेषेवर आलीय, सरळ. आठवड्याला चार-पाच किलोमीटर डांबर पडतं आणि सरहद्द अजून साडेआठशे किलोमीटर आहे. मी हिशेब केला, चार वर्षं लागतील. हरूनाला सांगितलं, अगादेझला तुझ्या आईला म्हणावं घाई नाही, पण मी येतोय. गाडीत जागा नव्हती, म्हणून रस्ता घेऊनच येतोय.

उन्हाळ्यात पंधरा दिवस घरी येईन, रजा घेऊन. पुढच्या दारानं.

आईनं आणि तू, दोघींनी लोभाचं माप पूर्वीचंच ठेवावं.
तुमचा
अरेझकी