कात्री परत हातात

आई, आज नमस्कार खुर्चीतून उठता उठता करते आहे, आणि तेही कुठे हात न टेकता. गुडघे कुरकुरले, पण उठले.

तू म्हणतेस, आपल्या दोघींना संधिवात आहे, हात जप, काही उचलू नकोस. इथली व्यायाम शिकवणारी बाई नेमकं उलटं सांगते. या आजारात आपलंच शरीर सांध्यांवर उलटलं असलं, तरी आजूबाजूचे स्नायू आपल्या बाजूने ठेवायचे, म्हणते. म्हणून मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलते. औषधं चालूच आहेत, काळजी करू नकोस.

परवा काहीच दुखत नव्हतं, म्हणून हुरूप येऊन दुप्पट व्यायाम केला. मनगट सुजलं. बाई हसली. "अहो, बरा दिवस आला म्हणून उधळून टाकायचा नसतो!"

गंमत म्हणजे, वेळेवर थांबलं की दुसऱ्या सकाळी बोटं लवकर मोकळी होतात. तुझी किती वेळ आखडलेली असतात? दूध तापेपर्यंत, की जास्त? बादली बाबा उचलतात ना?

बोटं आखडल्यापासून शिवणकामाच्या कारखान्यात माझं कापायचं काम सुटलं, मी अजून बटणंच लावते. आज मास्तर म्हणाले, "राणीसाहेब, उद्या कात्री धरून दाखवा. नाही जमलं, तर कापायच्या टेबलावर दुसरी बाई घ्यावी लागेल."

तुझी,
बाटल्या उचलणारी लेक

ता. क. हे दुसऱ्या दिवशी कारखान्यातून लिहिते. सकाळी कात्री धरली. एका शर्टाच्या दोन्ही बाह्या सरळ कापल्या. आणखी जमलं असतं, पण थांबले. मास्तर म्हणाले, "बाकीचं उद्या."